न मागितलेली ईमेल आणि परवानगीचा नियम

ईमेलवरची पहिली घाऊक जाहिरात मे १९७८ मध्ये गेली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांना नव्या यंत्रांची प्रात्यक्षिके कॅलिफोर्नियात दाखवायची होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या अर्पानेट या जाळ्याच्या सदस्यांची छापील यादी तेव्हा मिळत असे. तिच्यातले सुमारे चारशे पत्ते हाताने टंकून एकच निरोप सर्वांना धाडण्यात आला. पत्ते इतके झाले की नेमल्या जागेत मावेनात आणि उरलेले मजकुरातच सांडले. अनेकजण चिडले, जाळे सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाने हा नियमांचा उघड भंग ठरवला. थर्क यांनी मात्र त्या एका निरोपातून एक कोटी डॉलरहून जास्त विक्री झाल्याचा दावा पुढे केला. दावा फुगवलेला असेलही, पण हिशेब त्यातून कळतो: शेकडो लोक चिडले तरी चालते, चार-दोन गिऱ्हाइके मिळाली की पाठवणाऱ्याचे भागते.

असे काही होऊ शकते, हे जॉन पोस्टेल या तंत्रज्ञाने १९७५ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. नको असलेला निरोप नाकारण्याची सोय घेणाऱ्या संगणकाकडे नाही, ही त्यांची तक्रार होती. गंमत अशी, की १९८२ मध्ये ईमेल वाहून नेण्याची जी कार्यपद्धती पोस्टेल यांनीच लिहिली, तिच्यातही पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची तरतूद नव्हती. त्यात त्यांचा दोष फारसा नाही. जाळ्यावरचे लोक विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले, बहुतेक एकमेकांच्या माहितीतले होते.

१९९० नंतर जाळे व्यापाराला खुले झाले आणि ही ओळख संपली. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीच्या अर्जांची जाहिरात युजनेटवरच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांत एकदम टाकली. गदारोळ झाल्यावर माफी मागणे दूरच, असाच धंदा कसा करावा यावर त्यांनी पुस्तक काढले. लवकरच हे लोण ईमेलवर पसरले. टपालाने जाहिरात पाठवणाऱ्याला कागद, छपाई, तिकीट यांचा खर्च येतो. ईमेलमध्ये हा भार घेणाऱ्यावर आणि त्याला सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर पडला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ग्राहक जोडणीच्या तासांचे आणि फोनचे वेगळे पैसे भरत असे. कुणाची तरी जाहिरात उतरवून घेण्यासाठीही मीटर चालूच.

पहिला संघटित प्रतिकार सरकारने नव्हे, तंत्रज्ञांनी केला. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रासदायक सर्व्हरची काळी यादी तयार केली; ती वापरणाऱ्या सेवांकडे त्या सर्व्हरची डाक पोहोचेनाशी झाली. यादीत नाव लागलेल्या काही कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचले. खाजगी मंडळींनी कुणाची डाक अडवावी का, हा प्रश्न गैर नव्हता. पण परवानगीची कसोटी पक्की झाली ती याच दबावाखाली. कुणीही दुसऱ्याचा पत्ता यादीत भरू शकतो, म्हणून त्या पत्त्यावर आधी खात्रीची ईमेल जावी आणि तिच्यातली लिंक दाबल्यावरच नाव नोंदले जावे, असा आग्रह धरला गेला. मोठी यादी मिरवणाऱ्या विक्रेत्यांना तो जाचक वाटला, कारण अनेकजण ती लिंक दाबतच नाहीत. १९९९ मध्ये सेथ गॉडिन यांच्या ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकाने हाच आग्रह विक्रेत्यांच्या भाषेत मांडला: ज्याने होकार दिला आहे, तोच गिऱ्हाईक होण्याची शक्यता जास्त.

कायद्यांची वाट इथे फुटली. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने व्यक्तींना जाहिरात पाठवण्यापूर्वी संमती सक्तीची केली. जुन्या ग्राहकाला तशाच वस्तूंची माहिती देण्यापुरती सूट ठेवली. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये असाच कडक कायदा केला, पण तो लागू होण्याआधीच डिसेंबरमध्ये ‘कॅन-स्पॅम’ हा केंद्रीय कायदा आला आणि राज्याची संमतीची अट निष्प्रभ झाली. या कायद्यानुसार खोटे शीर्षक चालत नाही, टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि नकार कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत नाव काढावे लागते. पण पहिली ईमेल न विचारता पाठवता येते. म्हणजे नको म्हणण्याचे काम ज्याने काही मागितलेच नव्हते त्याच्याकडे आले. कॅनडाने २०१४ मध्ये संमतीचा मार्ग धरला, तर २०१८ च्या युरोपीय नियमांनी आधीच खूण केलेली चौकट संमती मानण्यास नकार दिला.

भारतात स्पॅम ईमेलसाठी स्वतंत्र कायदा झाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रास देणाऱ्या वा उगम लपवणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलम गाजले ते पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या अटकेमुळे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केले. नको असलेल्या जाहिराती थांबवण्यासाठी ‘१९०९’ या क्रमांकावर कळवण्याचे दूरसंचार नियामकाचे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे.

प्रत्यक्षात कायद्यांपेक्षा जास्त वचक टपालपेटी सांभाळणाऱ्या कंपन्यांचा बसला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी लागते आणि जाहिरातींत एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली न ठेवणाऱ्यांची डाक अडते किंवा थेट स्पॅमच्या खान्यात जाते.