पेटी कोणाच्या घरी होती?

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत गाण्याचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं. पण शाळेच्या वाद्यवृंदात पुढच्या रांगेत कोण बसायचं, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. माझा जन्म बँकेत खतावण्या तपासण्यात गेला, म्हणून हा जमाखर्च मांडतो.

साठच्या दशकात आमच्या शाळेत पेटी एकच, तीही कपाटात कुलूपबंद. आठवड्यातून एक तास बाहेर निघायची. ज्यांच्या घरी पेटी-तबला होता, वर शिकवणीला मास्तर यायचे, त्या मुलांचा हात रोज फिरायचा. स्नेहसंमेलनात तीच पुढे. कारकून-शिपायांची मुलं झांजा घेऊन मागे. बासरी तेवढी स्वस्त, दप्तरात मावणारी. म्हणून एका खोलीत राहणारा आमचा एक वर्गमित्र त्यावर सुरेख वाजवायचा. कान पगार बघून मिळत नाही हो, पण रियाजाचे तास मिळतात!

हे दुखणं जुनंच. पूर्वी विद्या उस्तादाच्या घरात, नाहीतर दरबारात. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तेव्हा ती विद्या शाळेच्या वर्गात आली. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तकं केली. सूरसागरासमोरचं आपलं संगीत महाविद्यालय त्याच गायनशाळेतून वाढलं. तिकडे ग्वाल्हेरलाही १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली संगीत विद्यालय निघालं.

सर्वांत बोलका दाखला मात्र मैहरचा. साथीच्या रोगात पोरकी झालेली मुलं अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग बनवला! घरचं उत्पन्न शून्य. पण वाद्य हातात, गुरू समोर आणि सराव रोजचा. मैहर बँडचं नाव देशभर झालं.

तेव्हा पैशाने सूर येत नाही. पैशाने वाद्य घरी येतं आणि सराव होतो. वाद्य संस्थेने पुरवलं, तर गरिबाचं पोरही पुढच्या रांगेत बसतं.

आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबांची पेटी माळ्यावर धूळ खात पडली असेल. भाता दुरुस्त करून ती जवळच्या शाळेला द्या. एकच अट घाला: पेटीला कुलूप लावायचं नाही, आणि मुलांना ती घरी न्यायला द्यायची.