समाधान आणि फलित : दूरस्थ वैद्यकीय प्रशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व फलित. प्रशिक्षणार्थींचे समाधान ही त्यांतील केवळ पहिली पायरी होय. या भेदाचे महत्त्व न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या ‘इको’ प्रकल्पात दिसून आले. विद्यापीठातील तज्ज्ञ ग्रामीण भागांतील व तुरुंगांतील डॉक्टरांशी दूरदृश्य यंत्रणेद्वारे हेपाटायटिस-सीच्या रुग्णांविषयी विचारविनिमय करीत. त्यायोगे आपले व्यावसायिक एकाकीपण ओसरल्याचे सहभागी डॉक्टरांनी नमूद केले. प्रकल्प मात्र एवढ्यावर विसंबला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विषाणूचे निर्मूलन विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के, तर या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्णांत आढळले. समाधान शिकणाऱ्याविषयी सांगते; प्रशिक्षणाचा निर्णय रुग्णाच्या आरोग्यावरूनच करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.