ड्रिल आधी की छंद आधी? : ‘त्यामुळे’ या शब्दाची परीक्षा

माझ्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा गाईडनी परत दिला तेव्हा त्यात एकच वाक्य लाल पेनाने अधोरेखित होतं. ते वाक्य असं होतं: ‘१९४६ साली घरगुती वापराचं इलेक्ट्रिक ड्रिल बाजारात आलं आणि त्यामुळे अमेरिकेतला नोकरदार माणूस घरी हौसेने सुतारकाम करू लागला.’ समासात त्यांनी लिहिलं होतं, ‘तारखा लावून बघ.’

तारखा लावल्या आणि वाक्य कोसळलं. ते का कोसळलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते आज सांगतो. तुमच्यापैकी जे पेट देऊन मुलाखतीची तयारी करत आहेत, त्यांना विषय कुठलाही असला तरी याचा उपयोग होईल.

आधी ती गोष्टच बघू, कारण ती ऐकायला फार सोयीची आहे. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० साली बाल्टिमोरमध्ये कंपनी काढली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या त्यांच्या ड्रिलला १९१७ मध्ये पेटंट मिळालं. हे यंत्र कारखान्यांसाठी होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यातले कामगार ही ड्रिल घरी नेऊ लागले, ते कंपनीच्या लक्षात आलं आणि १९४६ मध्ये तिने खास घरासाठी पाव इंची ड्रिल काढलं, अशी कथा सांगतात.

तंत्राच्या बाजूने पाहिलं तर या ड्रिलचं महत्त्व खरंच मोठं आहे. त्याआधी भोक पाडायचं म्हणजे गिरमिट किंवा हाताने फिरवायचं ड्रिल. कठीण लाकडात दहा स्क्रूंची भोकं पाडली की मनगट बोलायला लागतं. शिवाय खाच पाडून, तासून सांधा बसवायला वर्षांचा सराव लागतो. प्लायवूड, स्क्रू आणि ड्रिल हाताशी असलं की सांधा न कापताही पुस्तकांचं कपाट उभं राहतं. ड्रिलच्या तोंडाला पॉलिशची चकती लावली की तीच मोटर लाकूड घासायलाही चालते. म्हणजे नवशिक्याला ड्रिलने मदत केली, यात शंका नाही.

पण प्रश्न मदतीचा नव्हता, कारणाचा होता. आता तारखा लावा. मिलवॉकीची डेल्टा ही कंपनी १९२०च्या दशकातच घरच्या वर्कशॉपसाठी छोटी यंत्रं विकत होती. पॉप्युलर सायन्स या मासिकाच्या पुढाकाराने १९३३ साली घरगुती वर्कशॉपवाल्यांचा एक राष्ट्रीय गिल्ड निघाला आणि गावोगावी त्याचे क्लब झाले. १९३३, म्हणजे महामंदीचा ऐन काळ! ड्रिल यायला अजून तेरा वर्षं होती. कार्य कारणाच्या तेरा वर्षं आधी घडत असेल, तर ते कारण नव्हे. माझ्या वाक्यातला ‘त्यामुळे’ तिथेच गेला.

इथे स्रोताबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रिलची कथा सांगण्यात सर्वात मोठा रस ड्रिल विकणाऱ्याला असतो. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण ती कंपनीला काय सुचलं एवढंच सांगते. गिऱ्हाईक आधीच का तयार होतं, हे तिच्यात नाही. मासिकातल्या आराखड्यांचंही तसंच. टेबलाचा आराखडा छापून आला याचा अर्थ लोकांनी टेबलं बनवली असा होत नाही. लोकांनी काय बनवावं असं संपादकाला वाटत होतं, एवढंच त्यातून कळतं.

मग गिऱ्हाईक का तयार होतं? इथे मला स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराचा १९९७ सालचा निबंध उपयोगी पडला. तो अमेरिकन क्वार्टर्ली या नियतकालिकात आला होता. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. शेतकऱ्याचं किंवा कारागिराचं काम आणि घर पूर्वी एकाच आवारात होतं. कारखाना आणि ऑफिस आल्यावर बाप सकाळी बाहेर जाऊ लागला आणि घर बाईचं क्षेत्र ठरलं. घरात पुरुषाला करण्यासारखं उरलं नाही. तळघरातलं किंवा गॅरेजमधलं वर्कशॉप ही त्याची घरातली नवी जागा झाली. हातात हत्यार, म्हणजे पुरुषपणाला धक्का नाही, आणि काम घरचंच. जे काम आधी घराबाहेर गेलं होतं, ते आता फुरसतीचे कपडे घालून परत आलं.

युक्तिवाद चांगला आहे, पण मला तो हातात धरता येईल अशा पुराव्यावर तपासायचा होता. तो पुरावा मला घराच्या नकाशात सापडला.

१९४७ पासून विल्यम लेव्हिटच्या कंपनीने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभारली. चारपाच वर्षांत सतरा हजारांवर घरं, बहुतेक युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी. पहिली घरं छोटी, काँक्रीटच्या जोत्यावर, तळघर नसलेली. पण वर एक माळा होता आणि तो मुद्दाम अपुरा ठेवलेला होता. जिना तयार, वर उघडे वासे. मुलं वाढली की रहिवाशाने तिथे भिंती घालायच्या, छपराच्या उतारामुळे उरलेल्या बुटक्या जागेत कप्पे करायचे, खोल्या काढायच्या. म्हणजे बिल्डरने घरासोबत सुतारकामाचा गृहपाठच दिला होता! घर आणि अंगण असलेला माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, कारण त्याच्यामागे फार कामं असतात, अशा अर्थाचं लेव्हिटचं एक विधान प्रसिद्धच आहे.

त्याच १९४७ साली शॉपस्मिथ नावाचं यंत्र आलं. करवत, लेथ, ड्रिल आणि घासायची चकती, सगळं एका मोटरवर. ज्याच्याकडे जागा कमी, त्याच्यासाठी ते केलेलं होतं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर या छंदाला अब्ज डॉलरचा नवा छंद म्हटलं. आता साखळी पटते का बघा: आठवड्याला चाळीस तासांचं काम हा नियम झालेला, म्हणजे शनिवार मोकळा, कर्जावर मिळालेलं स्वतःचं घर, आणि त्या घरात अपुरं काम. ड्रिल या साखळीत शेवटी येतं.

पण नकाशा वाचताना दुसरा कागदही वाचावा लागतो, तो म्हणजे करारनामा. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात घर गोऱ्या वंशाच्या लोकांखेरीज कोणाला वापरू देऊ नये, असं कलम होतं. १९३४ साली स्थापन झालेलं केंद्र सरकारचं गृहकर्ज विमा खातंही असल्या अटींना वर्षानुवर्षं उत्तेजन देत होतं. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने वांशिक अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, तरी वसाहतीचं धोरण काही लगेच बदललं नाही.

हे सुतारकामाच्या इतिहासात कशाला, असं तुम्ही म्हणाल. हिशेब करून बघा. एक गोरा आणि एक काळा सैनिक युद्धावरून परत आले. दोघांनी तेच ड्रिल घेतलं, दोघांचा हात सारखाच चालतो. पहिला स्वतःच्या माळ्यावर दोन खोल्या काढतो आणि घराची किंमत वाढते, ती त्याच्या मुलांना मिळते. दुसरा भाड्याच्या घरात भिंतीला कपाट ठोकतो, ते घरमालकाचं होतं. रविवार दोघांचाही गेला, पण मालमत्ता एकाचीच झाली. हे मासिकांच्या पानांवर दिसत नाही, कारण तिथे घर गृहीतच धरलेलं असतं. स्रोत जे गृहीत धरतो, तिथे प्रश्न विचारायचा असतो.

आता थोडं घरचं. माझे आजोबा गावात सुतारकी करायचे. घराच्या पडवीत वाकस, रंधा, पटाशी, करवत, सगळं मांडलेलं. शब्दशः घेतलं तर तेही घरचं वर्कशॉपच. पण त्याला कोणी कधी छंद म्हटलं नाही. तो जातीने वाट्याला आलेला धंदा होता आणि त्याचं बलुतं धान्यात यायचं. माझा चुलतभाऊ आज पुण्यात आयटीत आहे. त्याने बाल्कनीत जिगसॉ आणि ड्रिल घेऊन एक टीपॉय बनवला, फोटो काढला, सगळ्यांनी कौतुक केलं. आजोबांनी त्यावर हात फिरवला आणि विचारलं, “मजुरी किती मिळाली रे?”

मी हसलो होतो. नंतर गेल्बर वाचताना ते आठवलं आणि हसू येईना. मजुरी मिळत नाही म्हणून ज्याला छंद म्हणायचं, तो करायला पोटापाण्याची सोय दुसरीकडे व्हावी लागते, स्वतःचा कोपरा लागतो आणि रविवार लागतो. अमेरिकेचा इतिहास आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, जात आणि वंश एक नव्हेत. पण प्रश्न नेता येतो: कोणाच्या हातातल्या रंध्याला आपण हौस म्हणतो आणि कोणाच्या हातातल्या रंध्याला धंदा?

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘घर, वेळ आणि कर्ज ज्यांना मिळालं त्यांच्यात सुतारकामाचा छंद पसरला, १९४६ नंतरच्या स्वस्त यंत्रांनी तो सोपा केला.’ वाक्य आधीइतकं चटपटीत नाही, मान्य. पण व्हायवाला त्याच्या बाजूने उभं राहता येईल.

तुमचा मसुदा काढा आणि त्यातल्या प्रत्येक ‘त्यामुळे’भोवती पेन्सिलीने गोल करा. गोलाच्या डावीकडे कारणाची तारीख लिहा, उजवीकडे परिणामाची. मग खाली लिहा की ही गोष्ट कोण सांगतंय आणि त्याने काय गृहीत धरलंय. माझ्या पहिल्या मसुद्यात असे अकरा गोल झाले होते, आणि त्यातले चारच टिकले.