डेप्टफर्डची बाग-शाळा

आग्नेय लंडनमधल्या डेप्टफर्डला विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पडता काळ आला होता. थेम्सकाठची नौदलाची गोदी १८६९ मध्ये बंद पडली होती. तिच्या जागी भरणारा परदेशी गुरांचा बाजारही १९१३ मध्ये उठला. मागे राहिली ती दाटीवाटीची घरे, अरुंद गल्ल्या आणि धुराने काळवंडलेले आकाश. उन्हाला पारख्या झालेल्या इथल्या मुलांमध्ये मुडदूस सर्रास होता. वास्तविक याच डेप्टफर्डमध्ये सतराव्या शतकात जॉन एव्हलिन या वृक्षप्रेमी लेखकाने फुलवलेली सेज कोर्टची बाग दूरवर नावाजली गेली होती.

रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी इथे १९१० मध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. मार्गारेट १८९४ मध्ये ब्रॅडफर्डच्या शालेय मंडळावर निवडून आल्या होत्या आणि तिथल्या एका शाळेत मुलांसाठी न्हाणीघर करून घेण्यात त्यांचा वाटा होता. डेप्टफर्डमध्ये एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बरे होऊन गेलेले मूल काही आठवड्यांनी तेच दुखणे घेऊन परत येई. दवाखान्याने दिलेले गल्ली हिरावून घेत होती. तेव्हा १९११ मध्ये एव्हलिन हाउस या इमारतीच्या आवारात मुलींसाठी रात्रीचा तळ सुरू झाला. मुलींनी संध्याकाळी यायचे, अंघोळ करायची, मोकळ्या हवेत झोपायचे आणि सकाळी आपापल्या शाळेत जायचे. अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो, हे बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी दाखवले ते १९१९ साली. रात्रीच्या तळात ऊन मिळत नसे; पण या बहिणी त्याआधी आठ वर्षे नुसत्या निरीक्षणाच्या बळावर मुलांना कोंदट घरांतून मोकळ्या हवेत आणू लागल्या होत्या, ही त्यांची थोरवी.

१९१४ मध्ये लहान मुलांची शाळा उभी राहिली ती स्टोएज या भागात. लंडन काउंटी कौन्सिलकडून सुमारे एक एकर जागा वर्षाला एक शिलिंग अशा नाममात्र भाड्याने मिळाली होती. रिवाज असा, की आधी इमारत बांधायची आणि उरलेल्या तुकड्याला पटांगण म्हणायचे. इथे तो उलटा झाला. मुख्य होती बाग, आणि तिच्यात सोयीने बसवलेले साधे, बुटके निवारे. ऊन आत यावे म्हणून त्यांची तोंडे दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवायची आणि एक बाजू जवळजवळ उघडी सोडायची.

बागेतली प्रत्येक गोष्ट मुलाच्या उंचीचा विचार करून योजलेली होती. चढउताराच्या वाटा आणि पायऱ्या होत्या, कारण अशक्त पायांना सपाट फरशीपेक्षा त्यांचाच उपयोग. सुगंधी वनस्पतींच्या वाफ्यात रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम, पुदिना असे. जाता जाता पानाला हात लागला की बोटांना वास राही, आणि ज्याला अजून नीट बोलता येत नाही असे पोरही त्या वासावरून झाड ओळखायला शिके. भाजीचे वाफे होते, फुलांचे ताटवे होते, पाळीव प्राणी होते. शिवाय दगडधोंड्यांचा आणि मोडक्यातोडक्या वस्तूंचा एक ढीग मुद्दाम राखलेला असे. तिथे मुलांनी हवे ते रचावे आणि मोडावे. नीटनेटक्या बागेत असा ढीग राहू देणे, यातच मार्गारेट यांची मुलांबद्दलची खरी समज दिसते.

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीतही शाळा चालू राहिली. रेचल २५ मार्च १९१७ रोजी, आपल्या ५८ व्या वाढदिवशीच वारल्या. पुढे शाळेला त्यांचे नाव मिळाले. १९१७ मध्येच शिक्षणमंत्री एच. ए. एल. फिशर यांच्या हस्ते शाळेच्या वाढीव भागाचे उद्घाटन झाले, आणि त्यांच्या १९१८ च्या शिक्षण कायद्याने अशा बालशाळांना स्थानिक संस्थांच्या मदतीची वाट मोकळी झाली. १९२१ मध्ये अॅबिगेल एलियट अमेरिकेहून इथे शिकायला आल्या. परतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी बोस्टनच्या रॉक्सबरी या गरीब वस्तीत रगल्स स्ट्रीट नर्सरी स्कूल सुरू केले. डेप्टफर्डमध्ये १९३० साली राणी मेरी यांच्या हस्ते रेचल मॅकमिलन अध्यापक महाविद्यालय उघडले. पुढच्या वर्षी मार्गारेट वारल्या, तेव्हा बालशाळांच्या शिक्षिका या बागेशेजारीच घडू लागल्या होत्या.