धूम, मडकं आणि पिकअपमधला बास

बास हा शब्द आमच्या गावात अलीकडं आला. पण ज्या आवाजाला बास म्हणतात तो आवाज जुनाच. आमच्याकडं त्याला धूम म्हणायचे. पखवाजाचं उजवं तोंड शाईचं आणि डावं तोंड धुमेचं. भजनाला बसायच्या आधी पखवाजी कुणाच्या तरी घरातून कणकेचा गोळा मागून घ्यायचा, पाण्याचा हात लावून मऊ करायचा आणि धुमेच्या मधोमध थापायचा. थाप मारून बघायची. आवाज चढा लागला तर अजून कणीक चढवायची, फारच बसला तर बोटानं खरवडून काढायची. भजन उरकलं की कणीक काढून टाकायची, नाहीतर कातडं खराब होतं. मी लहानपणी आमच्या पखवाजीबुवांना विचारलं होतं, कणीक कशाला लावता? ते म्हणाले, "कातडं जड झालं की सावकाश हलतं. सावकाश हललं की आवाज खाली जातो." एवढंच. हलगीचं उलटं. तिला जाळावर शेकायची, कातडं ताणलं जातं, मग ती कडाडते. शाळेत दहावीपर्यंत विज्ञान शिकलो, पण ध्वनीचं प्रकरण मला त्या कणकेच्या गोळ्यावरच जास्त कळलं.

पुढं कर्णा आला. आमच्या जुन्नर भागात मी पाचवी-सहावीत असताना, म्हणजे १९७१-७२ च्या सुमारास, लग्नाला कर्णा लावणं म्हणजे घरची इभ्रत होती. पिंपळाच्या शेंड्यावर माणूस चढायचा, कर्णा बांधायचा, खाली मोटारीच्या बॅटरीवर मशीन. बहुतेक कर्ण्यांवर अहुजाचं नाव असायचं, त्यामुळं आमच्यातली पोरं कर्ण्यालाच अहुजा म्हणायची. दोन कोसांवरच्या शिवारात निंदणाऱ्या बायांना कुणाच्या दारात मांडव पडलाय ते कळायचं.

पण कर्ण्यात धूम नव्हती. सनई ऐकू यायची, माणसाचा शब्द ऐकू यायचा, ढोलकीची शाई टिकटिक वाजायची आणि धुमेच्या जागी नुसती पोकळी. त्याला कारण आहे. आवाजाची लाट हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जाते. सेकंदाला हजार वेळा हलणाऱ्या आवाजाची एक लाट फूटभराची. ती कर्ण्यात मावते. सेकंदाला पन्नास वेळा हलणाऱ्या धुमेची एक लाट भरते जवळपास सात मीटर, म्हणजे आमच्या घराच्या ओसरीएवढी. ती वीत-दीड वीत तोंडाच्या पत्र्यातून बाहेर पडणार कशी? म्हणून कर्णा लांब जायचा, पण छातीत शिरायचा नाही.

छातीत शिरणारा आवाज गावात आणला तो मडक्यानं. हा इतिहास कुठं लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली काढली, पण आमच्यापर्यंत टेप पोचायला ऐंशी साल उजाडलं. मुंबईला डबे पोचवणारी, माथाडीत काम करणारी आमच्याकडची माणसं यात्रेला येताना टेप घेऊन यायची. घरोघर प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी. टेपचा आवाज मात्र चिमणीएवढा. मग तालुक्याच्या बाजारातून एक सुटा स्पीकर आणायचा, आठ इंची नाहीतर दहा इंची, आणि तो मडक्याच्या तोंडावर उपडा-सुलटा कसाही बसवायचा. पाण्याचा जुना रांजण असला तर उत्तमच. कडेनं डांबर नाहीतर चिखल लिंपायचा. मडक्याला बारीक भोक पाडून वायर आत घ्यायची. आणि मग जी धूम निघायची! तोच स्पीकर हातात धरला तर नुसता किरकिरायचा, मडक्यावर ठेवला की गावकीचा ढोल.

यातलं गमक असं. स्पीकरचा कागदी पडदा पुढं गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा ओढली जाते. मोकळ्यावर ही मागची हवा वळसा घालून पुढं येते आणि दोन्हींची वजाबाकी होते. चढ्या आवाजाचं फार बिघडत नाही, पण खालचा आवाज मरतो. मडकं त्या मागच्या हवेला कोंडून ठेवतं. शेतात दोन वाफ्यांचं पाणी एकमेकांत मिसळू नये म्हणून आपण मधे बांध घालतो, तसाच हा बांध. आमच्या पोरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. तिकडं अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून मोठा बास काढला होता. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील नावाच्या इंजिनिअरनं १९६१ साली पेटी आणि स्पीकर यांचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढं नेलं. त्या दोघांच्या नावाचे आकडे आजही स्पीकरबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेले असतात. आमच्याकडं कुंभाराच्या आव्यातून निघेल ते माप.

नव्वद सालानंतर मडकी गेली आणि लाकडी पेट्या आल्या. मग बेंजो, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या पेट्यांची भिंत, मग डीजे. सातारा-कोल्हापूरकडं त्याला डॉल्बी म्हणतात आणि तो शब्द आता आमच्याकडंही आलाय. या नावाची एक गंमत आहे. रे डॉल्बी हा माणूस १९६३ ते ६५ भारतात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून काम करत होता. इथून जाऊन त्यानं १९६५ साली लंडनला कंपनी काढली, आणि पहिलं काम काय केलं, तर टेपमधली खरखर कमी करायची युक्ती शोधली. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण भिंती हादरवणाऱ्या गाडीला दिलं.

भिंती खरंच हादरतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या आळीतून एक वरात गेली. आमचं घर मातीच्या भिंतीचं, वर पत्रा. मांडणीवरची भांडी आपोआप सरकायला लागली, पत्रा कुंईकुंई करायला लागला आणि शेजारच्या भिंतीचा गिलावा ताटाएवढा खाली आला. गोठ्यात गाय नवी व्यालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पान्हा सोडला नाही. सात मीटरची लाट मातीच्या भिंतीला काय जुमानते? कर्ण्याचा आवाज दार लावलं की निम्मा व्हायचा. हा दार लावल्यावर उलट घराला वाजवतो.

याच्यावर कायदा आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. लोकवस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून पंधरा दिवसांच्या वर नाही. ५५ डेसिबल म्हणजे दोन माणसं ओट्यावर बसून बोलतात त्याच्या आसपास. वरातीतलं कुणी हे कधी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं आत्ता उगाळायचं कारण आमच्या घरातली पिकअप. पुतण्यानं गेल्या वर्षी कर्जावर घेतली. दिवसा माल भरायचा, रात्री वाशी मार्केटला टोमॅटो पोचवायचा, पहाटे रिकामी गाडी घेऊन माळशेज घाटानं परत. पावसाळ्यात टोमॅटो संपला की गाडी बसून राहते आणि हप्ता काही बसत नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की हौद्यात अठरा इंची दोन बास बसवायचे, वर चार टॉप, जनरेटर, आणि वरातीच्या ऑर्डरी घ्यायच्या. पावणेदोन लाखाचा अंदाज काढून आणला.

मी नाही म्हणलो नाही. कागद घेऊन बसलो. दोन हजार वॅटची मशीन बारा व्होल्टवर चालवायची तर दीडशेच्या वर अँपिअर ओढणार. गाडीचा अल्टरनेटर एवढं देत नाही, म्हणून जनरेटर आला, जनरेटरला डिझेल आलं. हौद्यात कायमचा सांगाडा जोडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, मूळ गाडीत परवानगीवाचून बदल करता येत नाहीत. आणि कलम राहू द्या बाजूला. लग्नसराईत गाडी कुठल्या ठाण्याच्या आवारात चार दिवस अडकली, तर शेतात तोडून ठेवलेल्या क्रेटचं काय करायचं? टोमॅटो कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबत नाही. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "भावजी, आत्यांच्या खोलीची भिंत वरातीच्या वाटेवरच आहे." आमच्या आईचं वय ८७. त्यावर पोरगं गप्प बसलं.

दोन दिवसांनी तोच माझ्याकडं आला. "नाना, हौद्यात नको. पण केबिनमधे एक छोटा बास लावू द्या. रात्री घाटात झोप येती." हे मात्र मला पटलं. तसा मला गाण्यानं झोप जाते यावर पूर्ण विश्वास नाही. झोप आली तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास पडावं, याला पर्याय नाही, आणि ते मी त्याला बजावलं. पण रात्रभर एकट्यानं गाडी हाकणाऱ्या पोराला सोबत लागते, हे खरं.

केबिनचं एक बरं असतं. ती बंद कोठी. तिथं खालचा आवाज लांब पळत नाही, आतच साठतो. त्यामुळं दोनशे-तीनशे वॅटमधेच पोट भरतं. तीनशे वॅटला तीसच्या आत अँपिअर लागतात, ते गाडीला झेपतं. अडचण जागेची. सीटची पाठ मागं कललेली, त्यामुळं सीटमागची पोकळी तळाला रुंद आणि वर निमुळती. तिथं जॅक, पाना आणि ताडपत्रीची दोरी. ते सामान सीटखाली हलवायचं ठरलं.

दहा इंची, कमी खोलीचा स्पीकर घ्यायचा. त्याच्या कागदावर बंद पेटी २५ लिटरची मागितलेली. सुतारमामांना लिटर सांगितले तर ते हसले. मी म्हणलं, शेततळ्याचं माप काढतो तसं काढू. आतली रुंदी २८ इंच, उंची १२ इंच, खोली तळाला साडेपाच आणि वर साडेतीन, म्हणजे सरासरी साडेचार. गुणाकार १५१२ घन इंच. एक घन इंच म्हणजे १६.४ मिलिलिटर, तेव्हा २४.८ लिटर झाले. स्पीकरचा लोहचुंबक आत जागा खाणार, ती लिटरभर धरली आणि रुंदी इंचभर वाढवली. प्लाय १८ मिलिमीटरचा, सांध्याला फेविकॉल आणि दर चार इंचांवर स्क्रू. पेटीची फळी थरथरली तर तेवढा आवाज फुकट गेला, म्हणून मधे एक आडवी पट्टी. भोकाची पेटी करायचा पुतण्याचा आग्रह होता, ती जास्त वाजते. पण तिला जागा जास्त लागते आणि सीटमागं भोकाला श्वास घ्यायला वाव नाही. बंदच बरी.

वायरीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. विहिरीवरच्या मोटारी भरून भरून एक गोष्ट शिकलोय, तांब्याच्या नावाखाली वरून तांबं फासलेलं अॅल्युमिनियम सर्रास विकतात. ब्लेडनं ओरखडायचं, आतून पांढरी निघाली तर परत. फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत हवा, मशीनजवळ नव्हे. वायर पत्र्यात घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडाच पेटतो. पत्र्याला भोक पाडाल तिथं रबरी बुश. सीटला आग लागायला एक ठिणगी पुरते, आणि मागं हौद्यात प्लॅस्टिकचे क्रेट.

आवाजाचं बटण किती फिरवायचं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, मागच्या ट्रकचा हॉर्न आणि आपल्या इंजिनाचा सूर, दोन्ही कानाला कळले पाहिजेत. घाटात इंजिन आधी आवाजानंच सांगतं की ते दमलंय. त्याचं म्हणणं, मग लावायचा कशाला? शेवटी असं ठरवलंय की मशीनची चावी मीच एका जागी ठेवून वर रंगाचा ठिपका मारायचा.

परवा सुतारमामांनी पेटीचा सांगाडा आणून दाखवला, पुढची फळी सोडून. माप बरोबर आहे का बघायला डेअरीचं पाच लिटरचं माप घेतलं आणि पेटी आडवी ठेवून बाजरी ओतली. पाच मापं बसली, वर ओंजळ-दोन ओंजळी गेल्या, तेव्हा काठोकाठ झाली. मामा म्हणाले, "पायलीनं मोजलेली पहिलीच पेटी." आईनं ती बाजरी परत घेतली नाही, लाकडाच्या भुशाचा वास लागलाय म्हणाली. दोनदा पाखडून कोंबड्यांना घातली. फळी बसायची बाकी आहे आणि स्पीकर टोमॅटोची पहिली पट्टी हातात पडल्यावर आणायचा आहे.