गिरणीचे गाव : अमळनेर

खानदेशच्या भूमीत कोळसा नाही, लोखंड नाही आणि मँगनीजही नाही. तापीच्या खोऱ्याखाली पसरलेला बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून बनलेला काळा पाषाण, बांधकामाला दगड आणि खडी पुरवतो, क्वचित त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिकही सापडतात. परंतु एखादे नगर पोसावे इतके खनिज त्याच्या पोटात नाही. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यासारखे गाव जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शोधून सापडत नाही. वरोऱ्यात १८७० च्या दशकाच्या आरंभी सरकारी कोळसा खाण सुरू झाली, १८७७ मध्ये तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला आणि १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. खनिजाच्या आधाराने वाढणे आणि त्याच्याबरोबर ओसरणे हा क्रम तिथे एका पिढीत पूर्ण झाला. खानदेशात या क्रमाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे गाव अमळनेर हे होय. मात्र तिथे खाणीच्या जागी कापडाची गिरणी होती, आणि या एका फरकामुळे त्याच्या उतरणीचा अर्थ निराळा लावावा लागतो.

ज्या पाषाणाने खानदेशला खनिज नाकारले, त्याच्याच झिजेतून ओल धरून ठेवणारी काळी जमीन तयार झाली आणि तिने या मुलखाला कापूस दिला. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा हा प्रदेश लढाया, लूटमार आणि दुष्काळ यांनी बराचसा ओसाड झालेला होता, आणि कापसाचा व्यापार होता तो बैलगाड्यांच्या तांड्यांवर अवलंबून होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या बाजारात भाव भडकले आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव आणि भुसावळ असा खानदेशातून गेला. जळगावचे भाग्य या दोन घटनांनी पालटले. १८७० च्या दशकात तिथे वाफेवर चालणारी कापड गिरणी उभी राहिली आणि १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे होण्याचा मानही जळगावला मिळाला.

अमळनेर या मुख्य मार्गापासून दूर, बोरी नदीच्या काठी होते. सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांना ते परिचित होते आणि वैशाखातील रथ व पालखी यांच्या उत्सवाला आसपासचा मुलूख तिथे लोटत असे. आधुनिक बाजारपेठ म्हणून त्याचा उदय झाला तो एकोणिसावे शतक संपत असताना, सुरतेहून निघालेली तापी व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत येऊन जळगावकडून आलेल्या फाट्याला मिळाली तेव्हा. या जोडणीमुळे इथल्या व्यापाऱ्याला एका बाजूने गुजरातची आणि दुसऱ्या बाजूने मुंबईची, अशा दोन्ही पेठा खुल्या झाल्या.

कापसाचा उद्योग शेताजवळ का वसतो, याचे उत्तर त्याच्या वजनात आहे. वेचलेल्या कापसात रुईचा, म्हणजे प्रत्यक्ष सूत होणाऱ्या तंतूंचा, वाटा साधारण एक तृतीयांश असतो आणि उरलेले बहुतेक वजन सरकीचे, म्हणजे बियांचे असते. हे ओझे दूरवर वाहून नेण्यात अर्थ नसल्यामुळे रुई आणि सरकी वेगळी करणारे जिन आणि ती रुई दाबून तिच्या गाठी बांधणारे प्रेस हे कारखाने कापूस पिकतो तिथेच निघाले. जिन-प्रेस मात्र हंगामी असतात. कापूस येऊ लागला की ते सुरू होतात, आवक आटली की थांबतात, आणि त्यांच्यावर राबणारी माणसे पुन्हा शेताकडे वळतात. बारमाही रोजगार, पाळ्या, महिन्याचा पगार आणि त्याच्या आधारावर चालणारी उधारी हे सारे ज्या संस्थेने अमळनेरला दिले ती संस्था म्हणजे प्रताप मिल. स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडाला मागणी निर्माण केली होती त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात श्रीमंत प्रतापशेठ यांनी तिची उभारणी केली. कापसाच्या पेंजणीपासून कापडाच्या विणकामापर्यंतची कामे एकाच आवारात होत असल्यामुळे अशा गिरणीला संयुक्त गिरणी म्हणतात.

खानदेशात गिरणी चालवणे सोपे नव्हते. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते, म्हणून कताई आणि विणाईच्या खात्यांत सतत दमटपणा राखावा लागतो. आणि जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो व बोरीसारख्या नदीचे पात्र कोरडे पडते, तिथे या दमटपणाची किंमत पाणी आणि मजूर या दोहोंकडून वसूल केली जाई. बाहेर भाजून काढणारे ऊन, आत कोंदट वाफारा आणि हवेत तरंगणारे रुईचे बारीक तंतू, अशा स्थितीत कामगाराची पाळी सरत असे. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसांना जो विकार जडतो त्याला वैद्यकात बिसिनोसिस असे नाव आहे. गिरण्यांत कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगारही असत, म्हणजे ज्यांना कोणी गैरहजर राहिला तरच काम मिळे आणि त्यासाठी भोंगा होण्यापूर्वी फाटकाशी येऊन थांबावे लागे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या अहिराणी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या जीवनात घड्याळाचा अंमल असा सुरू झाला.

या श्रमातून निर्माण झालेल्या संपत्तीचा काही भाग ज्या दिशेने वळला ती दिशा भारतातील गिरणी-गावांच्या इतिहासात विरळा आहे. प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. शांकर अद्वैताचा, म्हणजे ब्रह्म हेच एकमेव सत्य मानणाऱ्या दर्शनाचा, पाश्चात्त्य विचाराशी ताडून अभ्यास व्हावा, अभ्यासकांना शिष्यवृत्ती व निवास मिळावा आणि त्यांना अन्य कोणताही व्याप नसावा, अशी या संस्थेची योजना होती. घनश्यामदास मलकानी यांनी ती दीर्घकाळ सांभाळली. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे प्रथम श्रेणीचे तत्त्वचिंतक १९३० च्या दशकात तिचे संचालक होते. रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी तिथे अध्ययन केले. संस्थेच्या इंग्रजी त्रैमासिकामुळे अमळनेर हे नाव विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोचले. विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वज्ञानाचा एक महत्त्वाचा अध्याय कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाविना खानदेशातील कापडाच्या नफ्यावर लिहिला गेला, ही गोष्ट महाराष्ट्राने जितकी लक्षात ठेवायला हवी होती तितकी ठेवलेली नाही.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी, हे तरुण अभ्यासक याच संस्थेच्या ओढीने अमळनेरात आले आणि १९२४ पासून तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने केलेली देखभाल मराठी वाचकांना परिचित आहे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली, हेही सर्वज्ञात आहे. त्या मानाने त्यांनी खानदेशातील गिरणी कामगारांसाठी केलेले काम कमी आठवले जाते. ज्या संपत्तीने अद्वैताचे अध्ययन पोसले, तिच्या निर्मात्यांच्या घरी पोटभर अन्न आहे की नाही, हा प्रश्न ज्यांना टाळता आला नाही, त्यांत साने गुरुजी अग्रभागी होते.

पुढे खानदेशच्या गिरण्यांनी भारतीय कामगार कायद्यावरही आपली मुद्रा उमटवली. जळगावची खानदेश मिल आणि तिथला राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्यातील बोनसचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० मध्ये त्याचा निकाल लागला. गंगाजळीची रक्कम खेळते भांडवल म्हणून वापरल्याचे कारण पुढे करून मालकाला बोनसपूर्वी त्या रकमेवर परतावा वजा करायचा असेल, तर ताळेबंदातील नोंद पुरेशी नाही, तसा वापर झाल्याचे पुराव्याने सिद्ध केले पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने दृढ केले.

अमळनेरचा दुसरा कारखाना सरकी आणि भुईमूग यांच्या मुलखात शोभेल असा होता. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी अमळनेरात वनस्पती तूप बनवू लागली. द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होते, हीच त्या तुपाची कृती. १९६६ मध्ये संस्थापकाच्या निधनानंतर एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींनी सूत्रे घेतली, १९७७ मध्ये कंपनीच्या नावात ‘विप्रो’ आले आणि पुढे संगणकाच्या व्यवसायात तिने जगभर नाव मिळवले. गावातला कारखाना म्हणून ज्या अमळनेरकरांनी तिचे समभाग घेऊन जपून ठेवले त्यांची घरे सधन झाली. कंपनीचा कारभार मात्र कधीच दूर गेला होता.

प्रताप मिलला असा दुसरा जन्म लाभला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्याइतकी गुंतवणूक संयुक्त गिरण्यांत झाली नाही, मालेगाव, भिवंडी आणि खुद्द धुळ्यातील यंत्रमाग कमी मजुरीवर आणि कमी करांत कापड काढू लागले, आणि कृत्रिम धाग्याने सुती कापडाची बाजारपेठ आक्रसून टाकली. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि देशभरच्या शंभरावर गिरण्या सरकारकडे आल्या. पण सरकारी व्यवस्थापनाने बहुतेक ठिकाणी अंत लांबवला, टाळला नाही. खानदेशातील भोंगे एकामागून एक थांबले आणि अमळनेरातही तेच घडले.

वरोऱ्याची खाण आणि अमळनेरची गिरणी यांतील फरक इथे स्पष्ट होतो. खाणीतली संपत्ती मर्यादित असते आणि एकदा काढलेला कोळसा पुन्हा उगवत नाही. अमळनेरच्या शिवारात कापूस दरवर्षी येतच राहिला. संपला तो कच्चा माल नव्हे, तर त्याचे कापड गावातच करण्याची ऐपत आणि इच्छा संपली. ‘उद्योग काळाच्या ओघात गेला’ असे सोपे विधान अमळनेरबाबत म्हणूनच पटत नाही. तो यंत्रांवर न झालेल्या खर्चामुळे, कापडविषयक धोरणामुळे आणि दूर बसून घेतलेल्या निर्णयांमुळे गेला, आणि त्याची किंमत ज्यांनी चुकवली ते त्या निर्णयांत कुठेच नव्हते.

गिरणीच्या बळावर उभ्या राहिलेल्या संस्था मात्र तिच्यामागे टिकल्या. १९४५ मध्ये सुरू झालेले प्रताप महाविद्यालय तालुक्याच्या उच्च शिक्षणाचा आधार राहिले, तत्त्वज्ञान मंदिराने पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने त्रैमासिकाची परंपरा पुढे चालू ठेवली, आणि १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरवलेल्या या गावात फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे संमेलन पुन्हा भरले. कामगारांचे हजेरीपट, पगाराच्या नोंदी आणि संघांची पत्रके यांचे जतन करणारी संस्था गावात असती, तर तत्त्वज्ञ, गुरुजी आणि उद्योगपती यांच्या इतिहासाशेजारी साचे आणि माग चालवणाऱ्यांचा इतिहासही तितक्याच तपशिलाने लिहिता आला असता. कताई आणि विणाईच्या खात्यांत काम केलेली शेवटची पिढी वृद्ध झाली आहे. त्यांच्या आठवणी त्यांच्याच अहिराणीत नोंदवून घेण्याचे काम प्रताप महाविद्यालयासारख्या संस्थेने हाती घेतले, तर त्याला अजून वेळ आहे.