जस्त : शरीराची वाढ आणि वजन

जस्त हे मानवी शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण रोज लागणारे सूक्ष्म मूलद्रव्य आहे. औषधाच्या दुकानात आणि कृषी सेवा केंद्रात लोक ते ‘झिंक’ म्हणूनच मागतात. प्रौढ माणसाच्या शरीरात मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत असते. रक्तद्रवात एक टक्काही नसते. पेशींचे विभाजन, प्रथिनांची घडण, जखम भरणे, रोगप्रतिकार, चव आणि भूक या साऱ्यांत जस्त लागते. लोहाचा साठा यकृतात होतो आणि गरजेला उपयोगी पडतो. जस्ताचा तसा साठा शरीरात नसतो. त्यामुळे आहारातून मिळणे आटले की लवकरच झळ बसते, आणि सर्वांत जास्त ती वाढत्या वयाला बसते.

काळ्या बुरशीच्या वाढीला जस्त लागते हे झ्यूल रोलँ यांनी १८६९ मध्ये दाखवले होते. १९३४ मध्ये उंदरांच्या बाबतीत तेच सिद्ध झाले. तरीही माणसाला जस्त कमी पडू शकेल असे १९६० पर्यंत वैद्यकाला वाटत नव्हते. माती, पाणी, धान्य सगळीकडे असलेली वस्तू कमी कशी पडेल, असा तो विचार होता.

हा समज मोडला तो इराणमधील शिराझ येथे. बिहारमधील बक्सरचे आनंद प्रसाद १९५८ मध्ये तेथे काम करत असताना त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला तो दहा वर्षांचा मुलगा होता. दाढी-मिशी नाही, जननेंद्रिये बालकासारखी, कातडी खरखरीत, यकृत आणि प्लीहा वाढलेली, तीव्र रक्तक्षय, चालण्याबोलण्यात मांद्य. त्याचे जेवण म्हणजे न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी. मांस जवळजवळ नाहीच. शिवाय तो रोज सुमारे अर्धा किलो माती खात असे. असे आणखी रुग्ण त्या भागात सापडले. रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता हे उघड होते. पण लोह कमी पडल्याने वाढ अशी थिजत नाही. बरे होताना या रुग्णांच्या रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचे प्रमाण वाढत गेले. हे एन्झाइम जस्तावर चालते. या धाग्यावरून प्रसाद यांनी १९६१ मध्ये जस्ताच्या अभावाची शक्यता मांडली, आणि पुढे इजिप्तमधील अशाच मुलांवर ती पडताळून पाहिली. जस्त दिल्यावर काहींची उंची वर्षभरात १२ ते १५ सेंटिमीटरने वाढली. नुसते लोह देऊन किंवा नुसता चांगला आहार देऊन एवढी वाढ होत नव्हती. तरी मानवी आहारातील जस्ताचे शिफारशीचे प्रमाण अमेरिकेत ठरले ते १९७४ मध्ये.

त्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. धान्याच्या कोंड्यात आणि डाळींत फायटेट असते. ते आतड्यात जस्ताला धरून ठेवते आणि रक्तात जाऊ देत नाही. म्हणूनच ताटात किती जस्त आहे एवढ्यावरून अंगी किती लागले हे कळत नाही. पीठ आंबवले किंवा कडधान्याला मोड आणले की धान्यातले फायटेज हे एन्झाइम फायटेट तोडते. ज्वारी-बाजरीची आंबील आणि मोडाची मटकी यांचे मोल चवीपलीकडचे आहे ते यामुळे. मांसमच्छीतले जस्त मात्र सहज शोषले जाते, आणि जस्ताने सर्वांत समृद्ध अन्न म्हणजे कालवे, जी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गरिबाच्या घरीही शिजत आली आहेत.

जस्ताचे वजनाशी असलेले नाते सरळ नाही, आणि या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. जस्त कमी पडले की पहिल्यांदा भूक जाते. जस्तहीन खाणे दिलेले उंदीर दोन-तीन दिवस खातात, मग टाकतात, पुन्हा खातात. त्यांच्या खाण्याला चढउताराची एक लयच येते. मुलांत चव मंदावते, पानात टाकणे वाढते, आणि आई ‘खातच नाही’ म्हणते ते खरे असते. पण मूल खाऊ लागले आणि काटा वर गेला, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. जमैकात बार्बरा आणि मायकेल गोल्डन यांनी तीव्र कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९८१ मध्ये दाखवले की जस्त कमी असताना वजन वाढवायला अधिक उष्मांक लागतात, आणि जस्त दिले की तो खर्च उतरतो. स्नायू बहुतांशी पाण्याचे आणि प्रथिनांचे बनतात, त्यामुळे त्यांचा एक ग्रॅम स्वस्तात पडतो. चरबीचा एक ग्रॅम महाग. जस्ताविना प्रथिने घडत नाहीत आणि खाल्लेले चरबीत जाते. अंगणवाडीच्या काट्यावर दोन मुलांचे वजन सारखे भरेल. एकाच्या अंगात स्नायू असतील, दुसऱ्याच्या अंगात चरबी, आणि वाढीच्या तक्त्यावर दोन्ही ठिपके एकाच रेषेवर पडतील.

मायकेल गोल्डन यांनी पोषकद्रव्यांचे दोन गट मांडले. लोह किंवा आयोडीन कमी पडले तर शरीरातले त्यांचे प्रमाण घटते, विशिष्ट आजार दिसतो आणि वाढ काही काळ चालू राहते. जस्त दुसऱ्या गटात मोडते. ते कमी पडले की शरीर वाढच थांबवते आणि असलेल्या ऊतींतले प्रमाण जवळपास कायम राखते. त्यामुळे जस्ताच्या कमतरतेचा चेहरा खुरटणे हाच असतो, आणि रक्त तपासूनही ती सहसा पकडता येत नाही. त्यातच कोणताही संसर्ग झाला की रक्तद्रवातले जस्त तात्पुरते घटते, त्यामुळे तो आकडा आणखीच फसवा ठरतो. लठ्ठ माणसांत रक्तातले जस्त बऱ्याचदा कमी आढळते. त्यावरून जस्ताच्या गोळ्यांनी वजन उतरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण लठ्ठपणातल्या मंद दाहामुळेही ते घटू शकते.

जस्ताचा सर्वांत थेट उपयोग जुलाबात झाला. जुलाबात शरीरातले जस्त वाहून जाते आणि जस्त कमी असले की जुलाब लांबतात. मुलांच्या तीव्र जुलाबात ते दिल्याने आजार आखडतो हे सुनील सझावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील मुलांवर केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळक झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये दहा ते चौदा दिवसांचा उपचार सुचवला: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील बाळाला १०. आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर या विरघळणाऱ्या गोळ्या देतात. चमच्यात पाणी किंवा आईचे दूध घेऊन गोळी टाकली की क्षणात ती दुधाळ होते. अडचण पुढेच असते. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात, मग झिजलेले आतडे भरून यायला लागणारे जस्त मिळतच नाही.

अतिरेकही वाईट. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम धरतात. त्याहून अधिक जस्त दीर्घकाळ पोटात गेले की तांब्याचे शोषण अडते. रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि मज्जारज्जूला इजा होऊन चाल बिघडते. जस्तयुक्त कवळीची पेस्ट वर्षानुवर्षे जास्त वापरणाऱ्यांत असे रुग्ण आढळले आहेत. तांबे साचणाऱ्या विल्सन रोगात मात्र हाच दोष औषध ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात चिंचेचे सार किंवा ताक ठेवू नये. आंबटामुळे जस्त विरघळते आणि ते खाल्ल्यास ओकाऱ्या होतात. असा मुलामा दिलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो; कामगारांना हा ताप ओळखीचा असतो.

पीक आणि माणूस यांची कमतरता अनेकदा एकाच मातीतून येते. तराईतल्या भाताला होणारा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे पंतनगरच्या यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवले. पाने तांबूस-कथ्थई होऊन रोपे खुंटतात; झिंक सल्फेट आणि चुन्याची फवारणी केली की ती पुन्हा हिरवी होऊन वाढीला लागतात. महाराष्ट्रातही अनेक जमिनींत जस्त अपुरे आहे आणि शेतकरी झिंक सल्फेट टाकतात. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने निवडलेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणात लोहाबरोबर जस्तही अधिक असते. त्या पिठाची भाकरी दिसायला नेहमीसारखीच असते.